गावाचा चित्रनकाशा: क्यूजीआयएसपासून इंकस्केपपर्यंत (अमळनेर)

बोरीकाठ:
राम राम मंडळी.

अमळनेरचा चित्रनकाशा करायला घेतला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन गावात भरलं, तेव्हा बाहेरगावचे लोक हातात फोन असूनही थांबून विचारायचे, साने गुरुजी शिकवायचे ती शाळा कुठली, तत्त्वज्ञान मंदिर इथून किती लांब. फोनच्या नकाशावर सगळं असतं, पण १९१६ सालच्या तत्त्वज्ञान मंदिराची खूण आणि शेजारच्या मोबाइल दुकानाची खूण सारख्याच मापाची. गावात कशाला किती वजन आहे ते त्यातून कळत नाही. मला ते कळेल असा छापील कागद हवा आहे. रस्ते खरे, अंतरं विश्वासाची, आणि वाडी संस्थान, दगडी दरवाजा, प्रताप कॉलेज, मंगळग्रह मंदिर, स्टेशन ही ठिकाणं उभी काढलेली, बघताक्षणी ओळखू येतील अशी.

काम कुठवर आलंय ते सांगतो. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्विकओएसएम प्लगइनने ओपनस्ट्रीटमॅपवरचे (ओएसएम, लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) रस्ते, नदी, रेल्वे आणि इमारती उतरवून घेतल्या. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची रीत, ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाचं ठेवलं. लेआउटमधून एसव्हीजी (रेघांची चित्रफाइल) काढताना प्रत्येक लेयरचा वेगळा गट करण्याचा पर्याय आहे, तो टिचकवला, त्यामुळे इंकस्केप या रेघांच्या चित्रांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्ते, पाणी, रूळ सुटे सुटे मिळाले. इमारतींची चित्रं क्रिटा या रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने काढतोय, जागेवर जाऊन काढलेल्या फोटोंवरून.

अडलंय ते असं. जुन्या गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की खऱ्या मापाने काढल्या तर नाव लिहायला जागाच उरत नाही. नदीच्या वळणावर देवनागरी नाव बसवलं की अक्षरं सुटतात. आणि बोरी नदी निळी दाखवू की नको, हे ठरत नाहीये. जाणत्यांनी मार्गदर्शन करावं.


उत्तरायण:
काम योग्य वाटेवर आहे. प्रोजेक्शनबद्दल नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं लिहितो, कारण नव्वद टक्के लोक इथेच मागच्या तयार नकाशाचं प्रोजेक्शन जसं येतं तसंच ठेवतात.

क्यूजीआयएसमध्ये ओएसएमचा तयार नकाशा ओढला की प्रोजेक्ट बहुतेक वेळा ३८५७ वर जातो, म्हणजे वेब मर्केटर. त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसं अंतर फुगतं. आपल्या २१ अक्षांशावर ही फूग सुमारे ७ टक्के आहे. जमिनीवर १०० मीटर असेल तिथे हा १०७ मोजतो. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं छापायचं असेल तर ही गोष्ट साधी नाही. ३२६४३ म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मोजायची पद्धत. त्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व, आणि अमळनेर जवळजवळ त्याच रेषेवर बसलंय. धुळं थोडं पश्चिमेला, जळगाव थोडं पूर्वेला, नंदुरबार एका अंशाच्या आत. मध्यरेषेवर मोजमापाचा गुणक ०.९९९६ असतो, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटरचा फरक. खान्देशातल्या कुठल्याही गावाचा नकाशा डोळे मिटून याच प्रोजेक्शनवर करावा.

आता गल्ल्या. ए२ कागद आडवा धरला तर लांबी ५९४ मिलिमीटर. १:५००० ला त्यात साधारण तीन किलोमीटर मावतात, म्हणजे अमळनेरचं मुख्य गाव बऱ्यापैकी येतं. या मापाला १ मिलिमीटर म्हणजे ५ मीटर. तीन मीटरची गल्ली कागदावर ०.६ मिलिमीटर भरेल. तिच्यात नाव मावणार नाहीच, ती दिसणारही नाही. म्हणून चित्रनकाशात रस्ता मापाने काढत नाहीत, मानाने, म्हणजे महत्त्वाप्रमाणे काढतात. रस्त्यांचे तीनच दर्जे करा. मोठा रस्ता ४ मिलिमीटर, मधला अडीच, गल्ली दीड. रस्त्याची मधली रेघ जिथे आहे तिथेच राहू द्या, जाडी तेवढी वाढवा. मग इमारती मागे सरकवाव्या लागतात आणि निम्म्याहून अधिक गाळाव्या लागतात. हे काम यंत्रावर सोडू नका, हाताने करा.

जर्मनीत हेर्मान बोलमान नावाचा चित्रकार होता. त्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचा तिरक्या नजरेचा नकाशा काढला. त्यात एकेका इमारतीच्या खिडक्यासुद्धा आहेत, पण रस्ते मुद्दाम रुंद केलेत. नाहीतर उंच इमारतींच्या मागे रस्तेच दिसले नसते. अंतराचा सांगाडा खरा ठेवून रुंदी वाढवण्याची ही युक्ती सगळ्या जगात चालते.


केळीचं बन:
चित्रं सजवताना कडेला केळीचे घड काढू नका, ही विनंती. केळी रावेर-यावलची. अमळनेरच्या नकाशाला कापूस शोभेल. बाहेरचे लोक खान्देश म्हटलं की सगळीकडे केळी लावतात.


पांझराकाठ:
धुळ्याहून लिहितोय. आमच्या पेठेचा असाच नकाशा करून पाहिलाय, त्यातून कळलेलं सांगतो.

धुळ्याची पेठ कॅप्टन ब्रिग्जच्या काळात, १८१९ च्या सुमाराला आखली गेली. सरळ रुंद रस्ते, एकमेकांना समांतर गल्ल्या, आणि गल्ल्यांना नावं न देता नंबर. आजही पत्ता सांगताना आम्ही 'गल्ली नंबर चार' असंच सांगतो. अशा सरळ आखणीच्या गावाला आयसोमेट्रिक, म्हणजे कोपऱ्याकडून तिरकं वरून पाहिल्यासारखा नकाशा फार छान बसतो. रीत सोपी आहे. क्यूजीआयएसच्या लेआउटमध्ये नकाशा ४५ अंश फिरवा, नावं बंद करून एसव्हीजी काढा, आणि इंकस्केपमध्ये त्याची उंची ५७.७ टक्के करा, रुंदी तशीच ठेवून. झाली आयसोमेट्रिक जमीन. मग इंकस्केपचा ॲक्सोनोमेट्रिक ग्रिड चालू करून ३० अंशांच्या रेघांवर इमारती उभ्या करत जायच्या. फक्त एक बघा, गावाची आखणी उत्तर-दक्षिण नसून थोडी कललेली असेल तर ४५ मध्ये तेवढा कल मिळवावा किंवा वजा करावा लागतो, म्हणजे रस्ते ग्रिडच्या रेघांना नीट लागतात.

पण अमळनेरच्या जुन्या गावाला ही रीत मी सुचवणार नाही. वाकड्या गल्ल्या ४५ अंशात फिरवल्या की त्या गावच्याच माणसाला गाव ओळखता येत नाही. तुम्ही जमीन वरून पाहिल्यासारखी सपाट ठेवा आणि महत्त्वाच्या इमारती तेवढ्या समोरून उभ्या करा. आम्हीही पांझरेपलीकडच्या देवपूरसाठी शेवटी तेच केलं.


पटदर्शन:
जमीन वरून आणि देऊळ समोरून, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमच्या जैन घरांतल्या लोकांना शत्रुंजयाचा पट माहीत असतो. पालिताण्याचा डोंगर कापडावर रंगवलेला, पायवाट खालून वर नागमोडी चढत जाते, वाटेतली टाकी, विसावे, आणि वर सगळी देवळं समोरून. कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना पालिताण्याला जाणं होत नाही ते या पटासमोर यात्रा करतात. त्यात अंतर मोजायला गेलात तर चुकेल, पण कुठल्या वळणानंतर काय येतं यात चूक सापडणार नाही. पायी चालणाऱ्याला हाच क्रम लागतो.

बोरीकाठ भाऊ, तुमच्या नकाशात अंतर आणि क्रम दोन्ही सांभाळायचे आहेत. दोन्हींत ओढाताण झाली तर क्रम राखा. स्टेशनातून बाहेर पडलेल्या माणसाला डावीकडे काय लागतं, उजवीकडे काय लागतं, ते कागदावर इंचभरही अदलाबदल होता कामा नये.


अक्षरवेल:
नावांचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नकाशाशास्त्राची पुस्तकं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेलीत. त्यात सांगितलेलं असतं, की मोठ्या भागाचं नाव अक्षरं लांब लांब फाकवून सगळ्या भागावर पसरा. देवनागरीत हे चालत नाही. 'पैलाड' हे नाव फाकवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाच्या जागी तीन सुटी अक्षरं उरतात. वाचणारा अडखळतो. मग भागाचं नाव मोठं कसं करायचं? आकार वाढवा, वजन कमी करा, रंग फिका ठेवा. मुक्ता हा मोफत फाँट आहे, त्यात बारीक ते जाड अशी सात वजनं मिळतात. भागाच्या नावाला बारीक वजनाचं मोठं अक्षर, ठिकाणाच्या नावाला जाड वजनाचं लहान अक्षर. एकाच कुटुंबातली अक्षरं असल्यामुळे गोंधळ होत नाही.

आता वळणावरचं नाव. क्यूजीआयएसच्या जुन्या आवृत्त्यांत वळणदार लेबल देवनागरीत काना-मात्रा सोडून द्यायचं. इंकस्केपमध्ये 'टेक्स्ट ऑन पाथ' केलं तर जोडाक्षरं शाबूत राहतात, पण प्रत्येक अक्षर स्वतंत्र फिरतं. वळण बाहेरच्या बाजूला असलं की वरची रेघ दोन अक्षरांमध्ये फाटते, आतल्या बाजूला असलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. उपाय असा. आधी नाव सरळ रेघेत लिहा. त्याची एक प्रत लपवलेल्या लेयरवर जपून ठेवा, पुढे दुरुस्ती लागते. मग नावाचं 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, सगळी अक्षरं एकत्र जोडा, आणि पाथ इफेक्टमधला 'बेंड' लावा. आता अक्षरं फिरत नाहीत, अख्खा शब्द वाकतो आणि शिरोरेषा अखंड राहते. वळण मात्र सौम्य ठेवा. नदीच्या प्रत्येक वेलांटीमागे नाव नेऊ नका, सरळसा पट्टा शोधून तिथेच एकदा लिहा.

दोन ओळींच्या नावाला ओळींतलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. आणि ए२ वर ७ पॉइंटच्या खाली जाऊ नका. देवनागरीत अक्षराचा पोटभाग लहान असतो. वर-खाली मात्रांना जागा द्यावी लागते, म्हणून तेवढ्याच पॉइंटचं रोमन अक्षर मोठं दिसतं आणि आपलं बारीक.

आणखी एक. ल आणि श यांची मराठी वळणं येतील असा फाँट निवडा. टिरो देवनागरी मराठी या फाँटमध्ये ती मुळातच आहेत. शीर्षकासाठी तो सुंदर दिसेल.


वाटाड्या:
एवढी मेहनत कशाला? एआयला सांगितलं की गावाचा चित्रनकाशा पाच मिनिटांत मिळतो.


अक्षरवेल:
वाटाड्या, मी करून बघितलंय. देऊळ येतं, पण ते कुठलंही देऊळ असतं. दरवाजा येतो, तो राजस्थानातला वाटतो. गल्ल्या कुठेही जोडल्या जातात आणि मराठी नावांत नसलेली अक्षरं उमटतात. गावचा माणूस ज्या कमानीखालून रोज जातो ती कमान त्याला कागदावर तशीच दिसायला हवी. ती जागेवर उभं राहून बघितल्याशिवाय काढता येत नाही.


आखाजी:
बोरीकाठ भाऊ, काम भारी शे. पण एक सांगस. नकाशामा बायासले काय लागस ते बी दखाडा.

मी शाळेत शिकवते. पाचवी-सहावीच्या मुलांना आपल्या गावाचा नकाशा आठवणीने काढायला दिला, तर मोठ्यांच्या यादीत नसलेल्या गोष्टी प्रत्येकाच्या कागदावर होत्या. पाण्याची टाकी, भाजीबाजार, रिक्षा थांबा, दवाखाना, नदीवरचा पूल. पुलाला तर मुलांनी गावाएवढा मोठा केला, कारण पावसाळ्यात तिथे थांबून पूर बघायचा असतो. जे ठिकाण पुष्कळ मुलांच्या कागदावर आलं ते नकाशात असायलाच हवं, असं मी म्हणते. यादी कोणी एकट्याने करू नये. मुलं, रिक्षावाले, भाजीवाल्या मावशी, स्टेशनवरचे हमाल यांना विचारावं. देवळं असू देत, पण दर्गा, बुद्धविहार, वाचनालय आणि स्त्रियांसाठीचं स्वच्छतागृह यांनाही तेवढ्याच प्रेमाने काढावं. बाहेरगावहून आलेली बाई स्वच्छतागृह विचारायला संकोचते. नकाशावर असलं तर तिला विचारावं लागत नाही.

आणि नावं लोक म्हणतात ती लिहा. पाटीवर एक नाव आणि तोंडात दुसरं असेल तर तोंडातलं मोठं, पाटीवरचं खाली बारीक.


उत्तरायण:
आखाजी ताई, हे फार मोलाचं बोललात. आणि या नावांची सोय ओएसएममध्येच आहे. प्रत्येक ठिकाणाला मुख्य नावाशिवाय भाषावार नावांचे रकाने असतात. मराठीच्या रकान्याचा संकेत एमआर. अहिराणीचा आंतरराष्ट्रीय संकेत एएचआर आहे, त्या रकान्यात अहिराणी नाव भरता येतं. लोक बोलतात ते वेगळं नाव असेल तर त्यासाठीही रकाना आहे. क्यूजीआयएसमध्ये लेबलच्या सूत्रात 'कोअलेस' वापरलं की मराठी नाव असेल तिथे ते येतं, नसेल तिथे मुख्य नाव येतं.

जाताजाता परवान्याचं सांगून ठेवतो. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरला की 'नकाशाचा डेटा: ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते' ही ओळ कागदावर छापणं बंधनकारक आहे. चित्रं तुमची, त्यांवर तुमचा हक्क. पण मूळ डेटात भर घालून नकाशा जाहीर केलात तर तो भर घातलेला डेटा त्याच खुल्या परवान्याने द्यावा लागतो. म्हणून सरळ ओएसएमवरच भर घाला, पुढच्या माणसाला ती आयती मिळते. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे ओएसएममध्ये माहिती भरायचं ॲप टाकून गावात फेरी मारली तरी पुष्कळ काम होतं. गूगलच्या नकाशावरून किंवा त्याच्या उपग्रहचित्रावरून ट्रेस करू नका, त्याला परवानगी नाही. ओएसएमच्या संपादकात जी उपग्रहचित्रं उघडतात त्यांवरून करा.


बोरीकाठ:
सगळ्यांचे आभार. 'बेंड' लावून बघितला, 'बोरी नदी' आता एका सलग रेघेत वाहतेय. अक्षरवेल ताई, हा उपाय कुठल्याच व्हिडिओत सापडला नव्हता.

आखाजी ताई, यादी पुन्हा पहिल्यापासून करतोय. मुलांकडून नकाशे काढून घेण्याची कल्पना इथल्या दोन शिक्षकांना सांगितली, दोघेही तयार झालेत.

नदीचं मात्र अजून बाकी आहे. निळा पट्टा काढला की नकाशा देखणा दिसतो, पण वर्षातले बरेच महिने बोरीत वाळूच असते. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते ती याच वाळवंटात. रथ आणि पालखी बघायला आलेल्या माणसाच्या हातात निळी नदी दिली तर तो यात्रा कुठे शोधेल?


सातपुडा:
नदीचं पात्र वाळूच्या रंगाचं पूर्ण रुंदीने काढा आणि त्यात एक बारीक निळी धार सोडा. धार कडेला ठेवा, वाळू मोकळी दिसू दे. वाळूत यात्रेचं छोटं चित्र काढून खाली 'वैशाख' एवढंच लिहा. म्हणजे पाणी कळलं, पात्र कळलं, यात्रा कळली. ओएसएममध्येही अशा नदीला 'इंटरमिटंट' ही खूण देतात. पाणी बारमाही नाही, हे त्यातून नोंदलं जातं. खान्देशातल्या निम्म्या नद्यांना ती हवी आहे.

डोंगरांच्या सावल्यांचा कोणी सल्ला दिला तर अमळनेरसाठी मनावर घेऊ नका. तापीच्या खोऱ्यातली सपाट जमीन आहे, उंचीच्या मोफत डेटातून तिथे काही दिसणार नाही. तोरणमाळ किंवा पाटणादेवीचा नकाशा करणार असाल तर जरूर लावा. तेव्हा प्रकाश वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांवरून पडू द्या. आपल्याकडे खरा सूर्य तिथून कधी फारसा पडत नाही, तरी डोळ्याला डावीकडून वरून येणाऱ्या उजेडाची सवय असते. उलट बाजूने दिला तर दऱ्या डोंगरासारख्या दिसतात.


पांझराकाठ:
वरच्या बाजूला उत्तर ठेवणार की दुसरं काही?


बोरीकाठ:
कागदावर उत्तर वरच ठेवतोय. लोक तो घरी नेऊन फोनच्या नकाशाशी ताडून बघतात. स्टेशनबाहेर लावायच्या फलकाला मात्र वेगळा विचार आहे. तिथे उभ्या माणसाच्या समोर जे आहे ते वर हवं. त्यासाठी जमीन फिरवून घेईन आणि इमारतींची चित्रं पुन्हा सरळ उभी करेन. चित्रं वेगळ्या लेयरवर सुटी ठेवल्याचा इथे फायदा होतो.

चालण्याच्या वेळेसाठी क्यूजीआयएसमधलं 'सर्व्हिस एरिया' साधन वापरतोय. स्टेशनपासून रस्त्यारस्त्याने ४०० मीटर आणि ८०० मीटर कुठवर पोचतात ते त्यातून मिळालं. पाच मिनिटं आणि दहा मिनिटं अशा दोन तुटक रेघा येतील. हवेतलं गोल वर्तुळ काढलं असतं तर रुळांपलीकडची ठिकाणं जवळ वाटली असती, पण माणसाला फाटकाने किंवा पुलानेच जावं लागतं.


छपाईखाना:
जळगावात छपाईचा व्यवसाय आहे. असे नकाशे आमच्याकडे येतात आणि बऱ्याच वेळा फाइल छापण्याजोगी नसते. म्हणून आधीच सांगतो, नंतर तुमचा आणि आमचा दोघांचा त्रास वाचेल.

इंकस्केप आरजीबीत (पडद्यावरचे लाल, हिरवा, निळा) काम करतं, छपाई सीएमवायकेत (निळी, किरमिजी, पिवळी, काळी या चार शाया) होते. इंकस्केपमधला काळा रंग रूपांतर झाला की चारही शायांचा मिळून बनतो. चार प्लेटा कागदावर केसभर जरी इकडेतिकडे बसल्या तरी बारीक देवनागरी अक्षराच्या कडेला लाल-निळी झालर येते, आणि वेलांट्या, रफार बुजून जातात. यावर उपाय म्हणजे चित्रं आणि रस्ते इंकस्केपमधून आणा, पण नावं स्क्रायबस या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी बसवा आणि त्यांना फक्त काळी शाई द्या, १०० टक्के के. बाकी तिन्ही शून्य. रंगाच्या पट्ट्यावर येणाऱ्या नावांना 'ओव्हरप्रिंट' (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) ठेवा. 'बेंड' केलेली नदीची नावं पाथ म्हणून आणलीत तरी चालतील, त्यांना स्क्रायबसमध्ये रंग बदलून द्या.

क्रिटातली चित्रं कागदावर जेवढी येणार त्या मापाला ३०० डीपीआय हवीत. अख्खा ए२ चित्ररूपात द्यायचा तर ७०१६ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जास्तीचा काठ सोडा. घडी कुठे पडणार ते आधी ठरवा आणि घडीवर महत्त्वाची इमारत किंवा लहान अक्षर येऊ देऊ नका. दहा वेळा उघडलं की शाई तिथूनच उडते.

कागद चकचकीत आर्ट पेपर घेऊ नका. उन्हात चकाकतो, त्यावर पेनाने लिहिता येत नाही. मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद घ्या. रंग थोडे दबतील, म्हणून रंग निवडतानाच एक पायरी उजळ निवडा. नकाशावर लोक खुणा करतात, लिहून घेतात, तो वापरायचा कागद आहे.

फलकाचं वेगळं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो. उन्हात पिवळी आणि किरमिजी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकते. म्हणून रस्ते आणि नावं ही काळ्या-निळ्यात ठेवा, लाल-पिवळं फक्त सजावटीला. रंग उडाले तरी नकाशा वाचता आला पाहिजे. नुसता फ्लेक्स लावू नका. व्हिनाइलवर छापून, उन्हाला टिकणारं लॅमिनेशन करून एसीपी शीटवर (ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेला बोर्ड) चिकटवून घ्या.


अक्षरवेल:
छपाईखाना दादांचा सल्ला इथे धाग्याच्या वरच लावून ठेवावा अशी संपादकांना विनंती. आणि बोरीकाठ, एक पुरवणी. छापखान्यात फाइल उघडताना कोणी 'मराठी फाँट आहे का' म्हणून जुन्या अ-युनिकोड फाँटात नावं पुन्हा टाइप करायला घेतलं तर थांबवा. त्यात चुका होतातच, आणि एक चुकलेलं गल्लीचं नाव वर्षानुवर्षं भिंतीवर राहतं. पीडीएफमध्ये फाँट बसवूनच द्या.


आखाजी:
छापण्याआधी एक कच्ची प्रत काळ्या-पांढऱ्यात काढून गावात फिरवा. चहाच्या टपरीवर ठेवा. लोक बोट ठेवून सांगतील, 'हाई आठे नही, तठे शे.' तेवढं ऐकून घेतलं की चुका निघून जातात.


बोरीकाठ:
तसंच केलं. ए३ वर कच्च्या प्रती काढून टपरी, वाचनालय आणि रिक्षा थांब्यावर ठेवल्या. रिक्षावाल्यांनी दोन गल्ल्या अशा दाखवल्या ज्या मधूनच बंद झाल्यात आणि ओएसएमवर अजून आरपार दिसत होत्या. त्या ओएसएमवर दुरुस्त केल्या. एका आजोबांनी प्रताप मिलच्या भोंग्याची वेळ सांगितली आणि मिल कुठवर पसरली होती ते बोटाने आखून दिलं. मिल फिक्या तुटक रेघेने दाखवतोय. गावातली अर्धी घरं ज्या कामामुळे वसली ती जागा आज वापरात नाही म्हणून गाळावी, हे मनाला पटलं नाही. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हा वनस्पती तुपाचा कारखाना १९४५ साली इथे निघाला, पुढे तीच कंपनी विप्रो झाली. तोही नकाशावर घेतलाय.

इमारतींची सगळी चित्रं एसव्हीजीत सुटी करून खुल्या परवान्याने देणार आहे. पूल, पाण्याची टाकी, रिक्षा थांबा, जिनिंग, बाजाराचे ओटे, पार असलेला पिंपळ, अशी सामायिक चिन्हं वेगळ्या फाइलमध्ये ठेवतोय. खान्देशातलं कुठलंही गाव ती वापरू शकेल.


किल्लेदार:
पारोळ्याहून वाचत होतो. सामायिक चिन्हांची फाइल मिळाली तर आम्ही चारपाच जण पारोळ्याचा नकाशा सुरू करतो. आमचा सगळ्यात मोठा प्रश्न भुईकोट किल्ला. तो गावाच्या बाजारपेठेला चिकटून आहे. समोरून उभा काढला तर मागचा निम्मा भाग झाकला जातो आणि खंदक दिसत नाही.


उत्तरायण:
किल्लेदार, किल्ला समोरून काढू नका. तटाचा आणि खंदकाचा आकार वरून पाहिल्यासारखा जमिनीवर आखा, आणि बुरूज व दरवाजा तेवढे उभे करा. बुरुजांची उंची खऱ्याच्या निम्मीच धरा, म्हणजे आतला भाग उघडा राहतो. पण आधी ओएसएमवर तट कितपत नीट आखलेला आहे ते बघा. नसेल तर उपग्रहचित्रावरून तट आणि खंदक दोन वेगळ्या रेघांनी आखून घ्या, मग क्यूजीआयएसमध्ये उतरवा.


बोरीकाठ:
किल्लेदार भाऊ, फाइल रविवारपर्यंत इथेच जोडतो. तोवर तुम्ही मुलांकडून पारोळ्याचे नकाशे काढून घ्या, आणि बाजाराच्या दिवशी किल्ल्याकडून बाजाराकडे तोंड करून फोटो काढून ठेवा. ओटे आणि तट एका फोटोत आले की माप लावायला सोपं जातं.